चाळीस वर्षांची नोंद आणि नाक्यावरचा माणूस

आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही 'अ‍ॅस्बेस्टॉस आणि बांधकाम मजूर' असं सांगितलं. पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्यांनी नम्रपणे विचारलं, "सर, कान्टवर नाही का बोलणार?" (हशा) त्यांचं बरोबर होतं. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. सिमेंटच्या पत्र्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय? तो कुठून आला तेवढं आधी सांगतो, आणि मग इतिहासाकडे वळू.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या सोसायटीतली मागची शेड पाडायचं ठरलं. शेडवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे होते, निदान चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे. ठेकेदाराने सकाळी नाक्यावरून चार माणसं आणली. तीन पुरुष आणि त्यांतल्या एकाची बायको. पत्र्यांचे बोल्ट गंजून बसले होते. ते सोडवत बसायला वेळ कोणाला? पुरुषांनी वरून घण घातले. खाली ती बाई तुकडे घमेल्यात भरत होती, उरलेला चुरा खराट्याने गोळा करत होती, आणि तिचं पाच-सहा वर्षांचं पोर त्याच राडारोड्यात खेळत होतं. आम्ही वर गॅलरीत चहा घेत होतो. त्या चुऱ्यात काय आहे हे आम्हाला माहीत होतं. वाचलेलं होतं. आणि आम्ही केलं काय? धूळ आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली.

अर्ध्या तासाने मनाला लागलं तेव्हा खाली उतरलो. ठेकेदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, सिमेंटच आहे ते. सिमेंटनं कुणाला काही होतं का?" तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. त्याचेही हात, केस त्याच धुळीने पांढरे झाले होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला. हे ज्ञान जगात केव्हापासून आहे? आणि इतकी वर्षं असूनही ते त्या शेडपर्यंत का पोचलं नाही? आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचा आम्हाला जमला तेवढा इतिहास.

आधी वस्तू समजून घेऊ. अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे, पण विचित्र खनिज. दगड असूनही त्याचे तंतू निघतात, कापसासारखे पिंजता येतात, सूत काढून विणताही येतात. जळत नाही, कुजत नाही, आम्लांना बऱ्यापैकी दाद देत नाही. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच 'न विझणारा' असा आहे. व्यापारात मुख्यतः तीन जाती आल्या : पांढरा म्हणजे क्रायसोटाइल, निळा म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक या उद्योजकाने सिमेंटमध्ये हे तंतू मिसळून पातळ, बळकट पत्रा करण्याची पद्धत शोधली आणि १९०१ साली तिचं पेटंट मिळवलं. त्याने मालाला 'एटर्निट' नाव दिलं, म्हणजे चिरंतन टिकणारा. छपराच्या दृष्टीने ते खरंही होतं. आपल्याकडे दर वर्षी पावसाळ्याआधी घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, हा किती व्याप असे ते आमच्या पिढीला आठवत असेल. सिमेंटचा पत्रा आला आणि गरिबाच्या डोक्यावरची ती दर वर्षीची चिंता गेली. हे उपकार नाकारून बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण याच टिकाऊपणात धोका आहे. पत्रा कापला, घासला, फोडला की त्यातले तंतू सुटतात. ते उभे चिरत जातात, केसापेक्षा कितीतरी बारीक होतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत, त्यातले बरेचसे बाहेरही टाकता येत नाहीत. फुप्फुस त्यांच्याभोवती व्रणासारखं कठीण होत जातं, हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग होतो. आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो, ज्याचं अ‍ॅस्बेस्टॉसखेरीज दुसरं मोठं कारण सापडणं अवघड. यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट काळाची. धूळ आज घेतली तर मेसोथेलिओमा वीस, तीस, चाळीस, कधी त्याहून अधिक वर्षांनी उमटतो.

इथे आमचा विषय आडवा येतोच, क्षमा असावी. न्यायशास्त्रातलं अनुमानाचं नेहमीचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे : डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिलेले असतात म्हणून डोंगराविषयी बोलता येतं. ह्यूमही म्हणतो की कार्यकारणाची कल्पना आपल्याला येते ती दोन घटना एकमेकींना लागून, एकापाठोपाठ एक वारंवार पाहिल्यामुळे. आता समजा, अग्नी आज मुलुंडच्या डोंगरावर लागला आणि त्याचा धूर तीस वर्षांनी जालन्याच्या एखाद्या शेतात निघाला. कोणाला अनुमान करता येईल? ज्याने दोन्ही टोकांची नोंद ठेवली आहे, त्यालाच. म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास हा बराचसा नोंदवह्यांचा इतिहास आहे, असं आमचं मत झालं आहे. ते खरं की खोटं, आता पाहा.

१८९८ साली ब्रिटनमध्ये कारखान्यांच्या महिला निरीक्षकांनी आपल्या वार्षिक अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचा उल्लेख केला. ल्यूसी डीन ही त्यांतली एक. धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा कण काचेसारखे, धारदार, खडबडीत दिसले आणि त्यांचे परिणाम वाईट झाल्याचं तिने लिहिलं. म्हणजे लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली त्याच्या पुढच्याच वर्षी ही गोष्ट सरकारी कागदावर आलेली होती! त्याच सुमारास लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. माँटेग्यू मरी यांच्याकडे एक तेहतीस वर्षांचा कामगार आला. चौदा वर्षं त्याने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काढली होती, काही काळ पिंजण खात्यात. त्याने डॉक्टरांना सांगितलं, की त्या खात्यात माझ्याबरोबर दहा जण होते, सगळे गेले, मी एकटा उरलोय. तोही १९०० साली गेला. १९०६ मध्ये मरी यांनी सरकारी समितीपुढे ही साक्ष दिली. पण आता धुळीची काळजी घेतली जाते असं ऐकतो, तेव्हा पुढे हा रोग तितकासा होणार नाही, असंही ते म्हणाले. समितीने अ‍ॅस्बेस्टॉसला भरपाईच्या यादीत घेतलं नाही. त्या माणसाने आपल्या डोक्यात दहा नावांची जी नोंद ठेवली होती, तीच काय ती नोंद. वहीत कुठेच नव्हती.

पुढे रॉचडेल. मँचेस्टरजवळचं गाव, टर्नर ब्रदर्स या मोठ्या अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीचं. तिथे नेली केरशॉ नावाची बाई सूत काढायचं काम करी. तिच्या डॉक्टरने १९२२ साली 'अ‍ॅस्बेस्टॉसची विषबाधा' असं प्रमाणपत्रावर लिहून दिलं. असा रोग कायद्याच्या यादीतच नाही, म्हणून कंपनीने भरपाई नाकारली. १९२४ च्या मार्चमध्ये ती वारली, वय तेहतीस. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसाची तपासणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९२७ मध्ये त्यांनीच रोगाला 'अ‍ॅस्बेस्टॉसिस' हे नाव दिलं. नाव मिळाल्यावर मोजणी झाली. मेरेवेदर आणि प्राइस या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी ३६३ कामगार तपासले, त्यांत ९५ जणांना, म्हणजे चारांतल्या एकाहून जास्त लोकांना रोग होता. अहवाल १९३० चा, नियम १९३१ चे. धूळ ओढून घेणारे पंखे, कामगारांची वैद्यकीय तपासणी, भरपाई, सगळं आलं.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९३१ चे नियम कारखान्यातल्या प्रक्रियांना लागू होते. ज्याला भिंती आहेत, फाटक आहे, हजेरीपट आहे, तिथे निरीक्षक जाऊ शकत होता. पण माल फाटकाबाहेर पडतो. त्याचे पत्रे होतात, पाइप होतात, आढ्याच्या पाट्या होतात. ते कुणीतरी करवतीने कापतो, भोकं पाडतो, वर चढवतो, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी फोडतो. या माणसांना १९३१ च्या नियमांनी स्पर्शही केला नाही. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागा नियमांखाली आणायला १९६९ उजाडलं. मधली जवळजवळ चाळीस वर्षं सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन ती धूळ खात राहिले. त्याचं बिल नंतर आलं. १९४० च्या दशकात जन्मलेल्या आणि तिशीच्या आत दहा वर्षांहून जास्त सुतारकाम केलेल्या ब्रिटिश सुतारांमध्ये दर सतरांतल्या एकाला मेसोथेलिओमाचा धोका, असा हिशोब संशोधकांनी २००९ मध्ये मांडला. सुतार! ज्याने अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना कधी पाहिलेलाही नाही.

मग कारखान्याबाहेरचा हा माणूस शास्त्रज्ञांना दिसला कसा? अमेरिकेतलं उदाहरण आम्हाला फार बोलकं वाटतं. डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ न्यू जर्सीत पॅटरसन इथे दवाखाना चालवत. इमारतींतल्या पाइपांना, बॉयलरला उष्णतारोधक लेप चढवणाऱ्या कामगारांचा त्यांनी अभ्यास केला. कंपन्यांनी आपल्या कामगारांची माहिती त्यांना दिली नाही. ती कामगार संघटनेने दिली, कारण वर्गणीसाठी का होईना, तिने सभासदांच्या याद्या वर्षानुवर्षं जपल्या होत्या. १९४३ च्या आधी धंद्यात आलेले ६३२ जण त्या यादीतून निघाले आणि १९६२ पर्यंत प्रत्येकाचं काय झालं ते पाहिलं गेलं. फुप्फुसाच्या किंवा त्याच्या अस्तराच्या कर्करोगाने सर्वसाधारण लोकांत साडेसहा-सात मृत्यू व्हायला हवे होते, तिथे ४५ झाले होते. १९६४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर 'माहीत नव्हतं' म्हणणं कोणालाच शक्य उरलं नाही. वर्गणीच्या वहीने हे काम केलं.

आणखी दोन साक्षी थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदले. एक सोडला तर सगळ्यांचा संबंध बहुधा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी आला होता, आणि त्यांत खाणीत कधीच न गेलेले, फक्त लहानपणी तिथे राहिलेले, टाकाऊ ढिगांवर खेळलेले लोक होते. १९६५ मध्ये लंडनच्या अभ्यासात नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका सापडल्या. आम्ही हे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर राडारोड्यात खेळणारं ते पोर आणि ती घमेलं उचलणारी बाई आली. संध्याकाळी सगळ्यांचे कपडे धुणार ती तीच.

हे फक्त अ‍ॅस्बेस्टॉसचं नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१ मध्ये हॉक्स नेस्ट इथे जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा खोदला गेला. खडकात सिलिका भरपूर. खोदणारे बरेचसे दुरून आलेले कृष्णवर्णीय मजूर. पाणी न मारता कोरडं ड्रिलिंग चाललं, आणि शेकडो माणसं सिलिकोसिसने मेली. नक्की किती, यावर आजही एकमत नाही, कारण दम लागायला लागल्यावर बरीच माणसं आपापल्या गावी गेली आणि तिथेच संपली. आपल्याकडे ग्रॅनाइट कापणारा, फरशी घासणारा, काँक्रीट फोडणारा याच सिलिकाच्या धुळीत उभा असतो. जुन्या शिशाच्या रंगाचे पापुद्रे खरवडणारा रंगारी तसाच. वस्तू वेगळी, गोष्ट एकच : काम इथे, आजार गावी.

आता आपल्या घरी येऊ. रॉचडेलचा तो टर्नर ब्रदर्स १९२० साली 'टर्नर अँड न्यूऑल' झाला, आणि १९३० च्या दशकात त्याच गटाच्या भांडवलातून हिंदुस्थानात सिमेंटचे पत्रे तयार होऊ लागले. कारखान्यांपैकी एक आपल्या मुंबईत, मुलुंडला. पुढे घाटकोपरला अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड आणि ब्रेकचे लायनिंग करणारा कारखाना आला. म्हणजे नेली केरशॉची रॉचडेल आणि आपला मध्य रेल्वेचा पट्टा यांच्यात कागदोपत्री नातं आहे. घाटकोपरच्या त्या कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचांतल्या एकाहून अधिक कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. मेरेवेदरच्या अहवालाला तेव्हा पंचाहत्तर वर्षं झाली होती.

कायदा काय म्हणत होता? १९८६ साली अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल लागला. कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तपासणीत रोग आढळलेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरवली. आणि एक आदेश दिला, ज्यासाठी आम्ही हा निकाल पुन्हा पुन्हा वाचतो. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. न्यायमूर्तींना रोगाचा काळ नीट कळला होता. धूर उशिरा निघणार, म्हणून अग्नीची नोंद तोपर्यंत टिकली पाहिजे. कायद्याने काळाला दिलेलं इतकं समंजस उत्तर आम्ही दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

उलट काय होतं तेही पाहा. इटलीत कासाले मोन्फेरातो गावात एटर्निटचा कारखाना १९०७ ते १९८६ चालला. कामगार गेले, त्यांच्या बायका गेल्या, कारखान्याशी काही संबंध नसलेले गावकरीही गेले. तूरिनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये कंपनीच्या एका माजी मालकाला सोळा वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती अठरा झाली. आणि २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल रद्द केला, कारण खटल्याची मुदत उलटून गेली होती. रोगाची मुदत चाळीस वर्षांची, कायद्याची त्याहून लहान. लोक अजून मरत होते आणि गुन्हा मात्र जुना झाला होता.

तर आपला १९९५ चा निकाल चांगला. पण त्यातला कामगार कोण? ज्याला नोकरी 'लागते' आणि 'सुटते', तो. ज्याचं नाव मस्टरवर आहे, तो. आणि भारतात येणारा अ‍ॅस्बेस्टॉस जातो कुठे? आपण खाणींचे नवे परवाने १९८६ मध्येच थांबवले, पण आयात चालू ठेवली. गेल्या दशकात ती वर्षाला तीन-चार लाख टनांच्या घरात होती, आणि तिचा फार मोठा भाग सिमेंटच्या पत्र्यांत आणि पाइपांत. म्हणजे कारखान्यात हजारो माणसं, आणि कारखान्याबाहेर ते पत्रे चढवणारी, कापणारी, फोडणारी माणसं लाखोंनी. नाक्यावर सकाळी आठला उभी राहणारी. मराठवाड्यातून, विजापूर-गुलबर्ग्याकडून, तांड्यांवरून, बिहारमधून आलेली. आज शेड, उद्या स्लॅब, परवा काहीच नाही. त्यांची चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार? चाळीस दिवसांची कोणी ठेवत नाही.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर, त्यातून कल्याण मंडळ, नोंदणी, ओळखपत्र. महाराष्ट्राचे नियम २००७ चे. नोंदणीसाठी गेल्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळा मालक असेल तर दाखला कोणाकडे मागायचा? तरी नोंदणी व्हायला हवी, आमचा तिच्यावर विश्वास आहे. पण तिच्यातून मिळतं काय, तर भांडी, शिष्यवृत्ती, अपघाताचं साहाय्य. कोणत्या जागी कोणती धूळ घेतली, याला त्या पुस्तिकेत रकाना नाही. म्हणून तीस वर्षांनी तालुक्याच्या दवाखान्यात तो माणूस धापा टाकत येतो, तेव्हा डॉक्टर विडी ओढतोस का विचारतात, क्षयाची तपासणी करतात. 'तुम्ही पत्रे फोडलेत का कधी?' हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. मग आकडेवारीत आजार दिसत नाही. आणि आजार दिसत नाही म्हणून धोका नाही, असं म्हणता येतं. तर्कशास्त्रात याला अज्ञानमूलक हेत्वाभास म्हणतात. पुरावा नसणं म्हणजे गोष्ट नसणं, असं धरून चालणं. फरक इतकाच की इथे पुरावा गोळाच केला गेलेला नाही.

उद्योगांचं म्हणणंही ऐकू. ते म्हणतात, आता फक्त पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस वापरला जातो, तो सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो, पत्र्यात त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपासच असतं, आणि नियंत्रित वापर सुरक्षित आहे. यातलं काही खरं आहे. धड, न फुटलेल्या पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाने उद्या घाबरून उठावं असं काही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्यासह सगळ्याच जाती माणसात कर्करोग करतात असं मानते. आणि 'नियंत्रित वापर' या शब्दांत एक नियंत्रक गृहीत धरलेला आहे. कारखान्यात तो असू शकेल. आमच्या मागच्या शेडमध्ये कोण होता? ठेकेदार होता, आणि गॅलरीत आम्ही होतो.

२००६ सालची एक गंमत, गंमत कसली, आठवते. फ्रान्सची क्लेमान्सो ही जुनी विमानवाहू नौका तोडण्यासाठी अलंगला निघाली होती. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे म्हणून मोठा गदारोळ झाला, आणि राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला परत बोलावलं. योग्यच झालं. पण ज्या देशाकडे निघालेलं अ‍ॅस्बेस्टॉसचं जहाज परत गेलं, त्याच देशाच्या बंदरांत अ‍ॅस्बेस्टॉसच्या गोणी उतरतच होत्या. धोकादायक मालाविषयी आयात करणाऱ्या देशाला आधी माहिती द्यावी, एवढंच सांगणारा रॉटरडॅम करार आहे. त्याच्या यादीत पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस घालण्याचा प्रस्ताव परिषदांमागून परिषदांत अडला, कारण सगळ्यांचं एकमत लागतं. अडवणाऱ्यांत कधी कॅनडा होता, कधी रशिया, कधी आपणही होतो. बंदीची गोष्टच नव्हती, नुसतं कळवण्याची होती. कॅनडाने २०१८ मध्ये घरी बंदी घातली. युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे.

आणि बंदीने तरी सगळं संपत नाही. ब्रिटनमध्ये निळा-तपकिरी १९८५ ला, पांढरा १९९९ ला बंद झाला. तरी तिथे मेसोथेलिओमाने वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. कारण जुना माल इमारतींत बसलेला आहे, आणि जुनी धूळ फुप्फुसांत. त्यांनी २००२ च्या नियमांत एक शहाणपणाची गोष्ट केली. माणूस फिरता असला तरी इमारत जागची हलत नाही. म्हणून इमारतीची नोंद ठेवा. व्यावसायिक आणि सार्वजनिक इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे शोधून लिहून ठेवणं आणि तिथे काम करायला येणाऱ्याला आधी सांगणं, ही जबाबदारी इमारत सांभाळणाऱ्यावर आली. सुताराने विचारायचं नाही, मालकाने सांगायचं. आम्हाला यात नीतिशास्त्रातली मोठी गोष्ट दिसते. धोक्याची माहिती मिळवण्याचं ओझं सर्वांत दुबळ्या माणसावर टाकलेलं नाही.

आपल्याकडे हे उद्या करता येण्यासारखं आहे. शहराशहरांत पुनर्विकास चालला आहे. पाडकामाची परवानगी महापालिकाच देते. त्या अर्जात एक रकाना वाढवा : सिमेंटचे जुने पत्रे, पाइप आहेत का, किती, ते कसे उतरवणार, कुठे नेणार. आणि ते उतरवणाऱ्या माणसांची नावं. एवढी यादी महापालिकेत चाळीस वर्षं राहिली, तर एखाद्या डॉक्टरला कधीतरी धूर आणि अग्नी जोडता येईल.

आणि कायदा येईपर्यंत? तुमच्यातले पुष्कळ जण सोसायटीच्या कमिटीवर असाल, म्हणून साध्या भाषेत सांगतो. जुना पत्रा नुसता पाहून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे ठरवता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. तेव्हा जुना करडा सिमेंटचा पत्रा असेल तर आहे असंच धरा. धड असेल तर उगाच छेडू नका, त्यावर भोकं पाडू नका, घासू नका. काढायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवा. बोल्ट कापा, पत्रा अख्खा खाली घ्या, फेकू नका, फोडू नका. तुकडे आणि चुरा ओला करून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा. कोरडा झाडू मारू नका. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. बारीक धुळीसाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो आणि त्याचा खर्च मजुराच्या रोजातून कापायचा नसतो. कामाचे कपडे तिथेच बदलायची, हातपाय धुवायची सोय करा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. याने काम एका दिवसाऐवजी तीन दिवस चालेल. ते दोन दिवसांचे पैसे आपण द्यायचे.

शेवटी, सभा संपताना लोक विचारतात म्हणून आधीच सांगतो, त्या शेडचं पुढे काय झालं. आम्ही खाली उतरलो तोवर अर्ध्याहून अधिक पत्रे फुटले होते. उरलेल्यांवर पाइप लावून पाणी मारलं, बोल्ट कापून पत्रे अख्खे उतरवले, पोराला आमच्या जिन्यात बसवलं. ठेकेदार कुरकुरला, पण ऐकलं त्याने. त्या बाईने विचारलं, "काका, आधी का नाही सांगितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. चौघांची नावं, गावं, तारीख आम्ही त्या दिवशी लिहून घेतली. वही आमच्या कपाटात आहे. आमचं वय सत्तरीच्या पुढे. ती वही चाळीस वर्षं टिकवणं आमच्या हातात नाही, म्हणून तिची एक प्रत सोसायटीच्या दप्तरात लावून घेतली आहे. ते पोर तेव्हा पंचेचाळिशीत असेल. त्याला गरज पडू नये. पण पडलीच, तर ती कुठे आहे हे तुम्हा सगळ्यांना आता माहीत आहे.